चिमुकल्यांसह मोटारीने बदलीच्या गावी

शाळांच्या परीक्षा संपल्या की बदलीच्या हुकमांचे दिवस येतात. वर्सोव्याला हे नवे नाही. येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचीच केंद्रे हरियाणात रोहतक, बंगालमध्ये कोलकाता, आंध्रात काकीनाडा, मध्य प्रदेशात पवारखेडा आणि बिहारात मोतीपूर अशी देशभर विखुरलेली आहेत. शिवाय बँका, विमा, सीमाशुल्क, खासगी कंपन्या आहेतच. यारी रोड किंवा सात बंगल्यावरचे एखादे बिऱ्हाड दरवर्षी कुठल्या ना कुठल्या दूरच्या गावी हलते आणि त्यातले काहीजण जाण्याआधी मुलांची तब्येत दाखवायला माझ्या दवाखान्यात येतात.

पूर्वी सामान मालमोटारीने जाई आणि माणसे रेल्वेने. आता घरोघरी मोटार आली, रस्तेही सुधारले. त्यामुळे "आपल्याच गाडीने जाऊ, मुलांना मोकळे वाटेल" असा विचार तरुण आईवडील करतात. अलीकडे एका गृहस्थांनी मला विचारले, "डॉक्टर, कोलकात्याला बदली झाली आहे. मुलगी चार वर्षांची, मुलगा पाच महिन्यांचा. समृद्धीने आठ तासांत नागपूर, पुढे एक रात्र गाडी हाणली की तिसऱ्या दिवशी पोचतो. मुलांना काही औषध देऊन ठेवता का, म्हणजे ती झोपून राहतील?"

असे औषध मी देत नाही आणि कोणी देऊही नये. परंतु हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. म्हणून मोटारीने लांबचा मुक्काम हलवताना लहान मुलांच्या आणि त्यांच्या आईच्या प्रकृतीची काळजी कशी घ्यावी, याचा विचार आज करू. सगळ्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर, प्रवासाचे वेळापत्रक रस्त्यावरून न ठरवता घरातल्या सर्वांत लहान जिवावरून ठरवावे.

मोटारीने जावेच का?

पहिला प्रश्न हाच विचारावा. मोटार मालगाडीने किंवा वाहतूकदाराकडून पाठवता येते आणि माणसे रेल्वेने वा विमानाने जाऊ शकतात. मूल सहा आठवड्यांपेक्षा लहान असेल, दिवस पुरे होण्याआधी जन्मलेले असेल, कोणाला ताप-जुलाब चालू असतील, आकडीचा विकार ताब्यात नसेल, किंवा गरोदरपणात रक्तदाब अथवा रक्तस्राव यांची तक्रार असेल तर मोटारीचा लांब प्रवास पुढे ढकलावा. निरोगी गरोदर स्त्रीने प्रवास करायचाच असेल तर साधारण चौदावा ते अठ्ठाविसावा आठवडा हा काळ त्यातल्या त्यात सोयीचा असतो. तिने सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखाली, कमरेच्या हाडांवरून घ्यावा. वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून जावा. "गरोदर बाईने पट्टा लावू नये" हा समज घातक आहे.

बाकी कुटुंबांनी मोटारीने जायला हरकत नाही. मात्र दिवस हाताशी हवेत. हजर होण्याच्या तारखेला लागून प्रवास आखला की घाई होते, आणि पुढे सांगितलेले बहुतेक धोके घाईतून येतात.

टप्पे कसे पाडावेत?

वर्सोवा ते कोलकाता हे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. लहान मुले बरोबर असताना दिवसाकाठी प्रत्यक्ष गाडी चालण्याचे पाच ते सहा तास पुरे. या हिशेबाने मी त्या गृहस्थांना टप्पे लिहून दिले. पहिल्या दिवशी ठाणे-भिवंडी ओलांडून आमणे येथे समृद्धी महामार्गाला लागायचे आणि छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी नागपूर. तिसरा दिवस पूर्ण विश्रांतीचा. त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी रायपूर, पाचव्या दिवशी संबलपूर, आणि तेथून कोलकात्यापर्यंतचा साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला मध्ये एक मुक्काम घेऊन दोन दिवसांत. एकूण आठवडा झाला. "एवढे दिवस?" असे त्यांनी विचारलेच. पण पाच महिन्यांच्या बाळाला रस्ता कितीही गुळगुळीत असला तरी दर दोन-अडीच तासांनी दूध लागते, लंगोट बदलावा लागतो आणि पाठ सरळ करावी लागते. हा वेळ आधीच हिशेबात धरला की रस्त्यात चिडचिड होत नाही.

पहाटे पाच-साडेपाचला निघावे, दुपारी बारा-एकच्या आत मुक्कामी पोचावे आणि अंधार पडल्यावर गाडी चालवू नये, हा क्रम उन्हाळ्यात सर्वांत चांगला.

मांडीवरचे मूल सुरक्षित नसते

आपल्याकडे आईची मांडी हीच मुलाची सर्वांत सुरक्षित जागा मानतात. घरात ते खरे आहे, धावत्या मोटारीत नाही. हिशेब पाहा. गाडी ताशी साठ किलोमीटर वेगाने जात असता एखाद्या वस्तूवर आदळून क्षणाच्या दहाव्या भागात थांबली, तर सात किलोचे बाळ त्या क्षणी शंभर किलोहून अधिक वजनाच्या जोराने पुढे ओढले जाते. एवढे ओझे कोणत्याही आईच्या हातात टिकणार नाही. आईने स्वतःचा आणि बाळाचा मिळून एकच पट्टा लावला तर आणखी वाईट; आईच्या वजनाखाली बाळ पट्ट्यावर चिरडले जाते.

यावर उपाय म्हणजे मुलांची वेगळी आसने. त्यांना दुकानात चाइल्ड सीट म्हणतात. वयाची निदान दोन वर्षे पुरी होईपर्यंत मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस राहील असे आसन वापरावे. या वयात डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. धक्का बसला तर आसनाची पाठ तो सबंध पाठीवर झेलते. चार वर्षांच्या मुलीसाठी पुढे तोंड असलेले, खांद्यावरून पट्टे असलेले आसन घ्यावे. पुढे उंची वाढली की बूस्टर म्हणजे उंच बैठक. मोठ्यांचा पट्टा गळ्यावर न येता खांद्यावरून आणि पोटावर न येता मांड्यांच्या वरून जाऊ लागला की मग नुसता पट्टा चालतो. सर्व आसने मागच्या बाकावरच बसवावीत. पुढे एअरबॅग असेल तर तेथे मागे तोंड असलेले आसन कधीही ठेवू नये. एअरबॅग उघडताना तिचा तडाखा थेट बाळाच्या डोक्याला बसतो. आसन घट्ट बसले की नाही हे हाताने हलवून पाहावे. बोटभराहून अधिक डुलत असेल तर पुन्हा बसवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे अशा आसनांमुळे अपघातातील बालमृत्यू निम्म्याहून अधिक टळू शकतात. आपला कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेणाऱ्या चालकास एक हजार रुपये दंड आहे.

मागे बसलेल्या मोठ्या माणसांनीही पट्टा लावायचा असतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू आपल्या शेजारच्याच पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झाला. ते मागच्या बाकावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी भारीतली होती. तरी पट्ट्याची जागा दुसरे काही घेत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. बालआसन प्रवासासाठी असते, झोपण्यासाठी नव्हे. लहान बाळाची मान त्यात पुढे झुकली तर श्वासनलिका दबते. म्हणून बाळाला दोन तासांहून अधिक सलग त्यात ठेवू नये; पहिल्या काही आठवड्यांतल्या बाळाला तर अर्ध्या तासाहून अधिक नको. आईने बाळाशेजारी मागे बसावे आणि त्याच्या मानेकडे लक्ष ठेवावे. दूध पाजताना गाडी थांबवावी. चालत्या गाडीत बाळाला आसनातून काढून पाजणे टाळावे.

सामानाचेही तसेच. मागच्या काचेपाशी ठेवलेला स्टीलचा डबा, सीटवर आयत्या वेळी टाकलेला प्रेशर कुकर किंवा देवांची पितळी पेटी ही अचानक ब्रेक लागल्यावर दगडासारखी पुढे येतात. जड वस्तू डिकीत, तळाशी. फिनेल, डासांचे औषध, रॉकेल असल्या वस्तू गाडीत घेऊच नयेत. बंद गाडीत त्यांच्या वासाने मुलांना मळमळते.

गाडी लागणे

कसारा घाट लागला की मुलांचे चेहरे उतरतात. याला आपण गाडी लागणे म्हणतो. कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल कळवणारे इंद्रिय असते. ते मेंदूला सांगते की आपण हलतो आहोत. डोळे मात्र गाडीच्या आतल्या स्थिर वस्तू पाहत असतात. या दोन उलटसुलट निरोपांमुळे मेंदू गोंधळतो आणि मळमळ, घाम, वांती सुरू होते. दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास सहसा होत नाही. दोन ते बारा या वयात तो सर्वांत जास्त असतो.

यावरून उपायही सहज सुचतात. मुलीचे आसन उंच असावे, म्हणजे तिला समोरचा रस्ता आणि दूरचे डोंगर दिसतील. गाडीत मोबाइल किंवा चित्रांचे पुस्तक देऊ नये. नजर खाली गेली की त्रास वाढतो. त्यापेक्षा गाणी, भेंड्या, ट्रक मोजणे हे खेळ बरे. निघण्याआधी पोट अगदी रिकामे नको आणि तट्ट भरलेलेही नको. मऊ भात, इडली, पोळी-गूळ असे काही थोडे द्यावे. रस्त्यातला वडापाव आणि भजी मोठ्यांनीसुद्धा मुक्कामी पोचल्यावर खावीत. मोठ्या मुलांना आल्याची वडी चघळायला द्यायला हरकत नाही. उलटी झालीच तर दहा मिनिटे काही देऊ नये; मग चमचा चमचा पाणी सुरू करावे.

औषधांविषयी स्पष्ट सांगतो. गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या प्रोमेथाझिन जातीच्या गोळ्या-सरबतांनी गुंगी येते. दोन वर्षांखालील मुलांत त्यांनी श्वास मंदावून मृत्यू होण्याचा धोका असतो. त्या वयाला ती देऊच नयेत. मोठ्या मुलांना आपल्या डॉक्टरांनी वजन पाहून लिहून दिली तरच द्यावीत. मूल शांत झोपावे म्हणून सर्दी-खोकल्याचे सरबत देण्याची प्रथाही तितकीच वाईट. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात दूषित खोकल्याच्या औषधाने अनेक लहान मुले दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत असे पुन्हा बजावले. मूल रडते तेव्हा त्याला झोपेचे औषध नको असते. बहुधा त्याला गाडी थांबायला हवी असते.

ऊन, पाणी आणि दूध

वर्सोव्यातली मुले खाऱ्या वाऱ्यात वाढतात. येथे घाम येतो आणि तो दिसतोही. विदर्भ व छत्तीसगडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, हवा कोरडी असते आणि घाम तिथल्या तिथे सुकतो. त्यामुळे शरीरातले पाणी केव्हा कमी झाले हे कळत नाही. अशा हवेची शरीराला सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मोटार मात्र ते हवामान दोन दिवसांत गाठते. गाडीतल्या गारव्यातून एकदम उन्हात उतरू नये. थांबण्याच्या पाच-दहा मिनिटे आधी एसी कमी करावा.

सहा महिन्यांखालील बाळाला फक्त आईचे दूध. उन्हाळा असला तरी वरचे पाणी, ग्लुकोज, मध, घुटी काही नको; आईच्या दुधात पुरेसे पाणी असते. त्यासाठी आईने मात्र भरपूर पाणी, ताक, पेज घेतली पाहिजे. "रस्त्यात लघवीची सोय नसते" म्हणून अनेक स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत. त्याने दूध आटू शकते आणि लघवीची जळजळही मागे लागते. थांबे पेट्रोल पंप आणि चांगल्या उपाहारगृहांच्या हिशेबाने ठरवावेत. समृद्धीवर गाव लागत नाही, त्यामुळे पाणी आणि खाणे बरोबर भरपूर घ्यावे.

वरचे दूध घेणाऱ्या मुलासाठी थर्मासमध्ये कोमट दूध तासन् तास ठेवू नये. जंतूंना ती उबदार जागा फार मानवते. गरम पाणी थर्मासात आणि दुधाची पावडर डब्यात वेगळी ठेवावी, लागेल तेव्हा कालवावी व उरलेले फेकून द्यावे. बाटलीऐवजी वाटी-चमचा स्वच्छ करायला सोपा. पाच वर्षांखालील मुलांना चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, चणे देऊ नयेत. धक्क्याने ते श्वासनलिकेत जातात.

जुलाब लागले तर जलसंजीवनी हाच पहिला उपाय. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवले. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण विरघळवावे. अर्धे पाकीट अंदाजाने टाकू नये. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक पातळ जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, मोठ्यास अर्धा ते एक पेला द्यावे, तेही घोट घोट. अंगावरचे दूध चालू ठेवावे. दुकानात मिळणारी गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस ही अक्षरे वापरायला मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले पाहूनच घ्यावे.

मूल झोपले आहे म्हणून त्याला बंद गाडीत ठेवून कोणीही चहाला उतरू नये, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. उन्हातल्या बंद गाडीचे तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढते, आणि लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. अंग तापून मूल सुस्त झाले, बरळू लागले किंवा आकडी आली तर तो उष्माघात समजावा. कपडे काढून अंगावर पाणी टाकावे, वारा घालावा आणि तडक रुग्णालय गाठावे. सुस्त मुलाच्या तोंडात काही घालू नये. उष्माघातावर तापाचे औषध उपयोगी पडत नाही.

गाडी चालवणाऱ्याची झोप

मुलांच्या सुरक्षेत सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे वडिलांची झोप. बिऱ्हाड हलवण्याच्या आदल्या रात्री घर आवरण्यात जागरण होते आणि पहाटे तोच माणूस चाकामागे बसतो. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची सावधानता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेता तो चालक मद्यपीच्या पलीकडे गेलेला असतो.

समृद्धीसारखा सरळ, रिकामा रस्ता झोपेला आमंत्रण देतो. ताशी १२० च्या वेगाने तीन सेकंद डोळा लागला तर गाडी शंभर मीटर जाते, आणि त्या शंभर मीटरांत ती कोणाच्याच ताब्यात नसते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर बसला अपघात होऊन आग लागली आणि पंचवीस जण मृत्युमुखी पडले. मध्यरात्र ते सकाळी सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळी शरीर झोप मागतेच. चहाने किंवा गाण्यांनी ती फार वेळ लांबवता येत नाही. जांभया येऊ लागल्या, मागचे दोन-चार किलोमीटर आठवेनासे झाले की सुरक्षित जागी थांबून पंधरा-वीस मिनिटे डुलकी घ्यावी. थांबल्यावर इंजिन चालू ठेवून, काचा लावून सर्वांनी झोपू नये. विषारी वायू आत साचतो. सामान बांधून झाल्यावर एक पूर्ण रात्र झोप आणि मग प्रस्थान, हा नियम पाळावा. दर दोन तासांनी सर्वांनी खाली उतरून चालावे. पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून गरोदर व बाळंतिणींना हे विशेष आवश्यक.

लसी आणि नवे गाव

निघण्याआधी लसीकरणाचे कार्ड तपासावे. पाच महिन्यांच्या बाळाच्या सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी झालेल्या असाव्यात. पुढची गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पुरे झाल्यावर. सरकारच्या यू-विन नोंदीमुळे आता ती देशात कोठेही सरकारी केंद्रावर घेता येते. कार्डाचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे, मूळ कार्ड सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नये. मुंबईच्या नेहमीच्या सरकारी वेळापत्रकात मेंदूज्वराची म्हणजे जपानी एन्सेफलायटिसची लस नसते; विदर्भातल्या काही जिल्ह्यांत आणि बंगालच्या काही भागांत असते. नव्या गावच्या आरोग्य केंद्रात याची चौकशी अवश्य करावी.

छत्तीसगड व ओडिशाच्या जंगलपट्ट्यात घातक प्रकारचा हिवताप आढळतो. मुक्कामी मुलांना मच्छरदाणीत झोपवावे. पोचल्यानंतर महिन्याभरात कोणाला ताप आला तर नव्या डॉक्टरांना "आम्ही या मार्गाने आलो" हे आवर्जून सांगावे आणि रक्त तपासून घ्यावे. कोलकात्याच्या आसपासच्या काही जिल्ह्यांत जमिनीतल्या पाण्यात आर्सेनिक असते. ते उकळून जात नाही. म्हणून कूपनलिकेचे पाणी मुलांना देण्याआधी ते तपासलेले आहे का हे विचारावे.

शरीराइतकीच मनाचीही काळजी हवी. चार वर्षांच्या मुलीला आपण कोठे, का जातो आहोत हे नकाशावर दाखवावे. शाळेतल्या बाई, शेजारची मावशी, चौपाटी यांचा निरोप तिला घेऊ द्यावा. तिची नेहमीची गोधडी आणि बाहुली गाडीतच असावी, न धुता. तो ओळखीचा वास तिला धीर देतो. नव्या घरी काही आठवडे ती अंथरुण ओले करील, हट्ट करील, बोबडे बोलेल. रागावू नये. महिन्याहून अधिक चालले तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि बाळाच्या आईला विसरू नये. माहेर दूर, भाषा परकी, नवरा नव्या कचेरीत, दिवसभर दोन मुले, अशा वेळी बाळंतपणानंतरची उदासी गडद होऊ शकते. झोप न लागणे, सारखे रडू येणे, बाळाविषयी काही न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक राहिली तर तो आजार आहे, आळस किंवा नखरा नव्हे. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. कोलकात्यात हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. आपली भाषा बोलणारी चार माणसे पहिल्या महिन्यात भेटली तर तेही औषधच. शक्य असल्यास आजी किंवा मावशीला पहिल्या महिन्यासाठी बोलावून घ्यावे.

निघण्यापूर्वी एकदा पडताळा

१. लसीचे कार्ड, आजाराची जुनी कागदपत्रे आणि चालू औषधांची नावे हाताशी.
२. औषधांच्या डब्यात थर्मामीटर, जलसंजीवनीची सहा पाकिटे, डॉक्टरांनी लिहून दिलेले झिंक, पट्ट्या, कापूस आणि पॅरासिटामॉलचे सरबत. हे सरबत कमी-अधिक ताकदीचे मिळते; म्हणून मुलाच्या वजनाप्रमाणे किती मिली द्यायचे ते डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्यावे.
३. दोन्ही बालआसने घट्ट, टायरची हवा आणि झीज तपासलेली, स्टेपनी भरलेली.
४. पाणी माणशी किमान चार लिटर, शिवाय हात-पाय धुण्यासाठी वेगळे.
५. दूरध्वनी क्रमांक पाठ: महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कोठेही तातडीसाठी ११२.
६. प्रत्येक मुक्कामाच्या गावातील मुलांच्या रुग्णालयाचे नाव आधीच टिपलेले.

त्या गृहस्थांनी कचेरीकडून चार दिवस अधिक मागून घेतले आणि ते मिळाले. बहुतेक ठिकाणी मिळतात. मागावे मात्र लागतात. बदलीच्या गावी चार दिवस उशिरा हजर झाल्याने नोकरी जात नाही. हे चार दिवस मुलांच्या प्रकृतीसाठी मागून घ्यावेत आणि मगच गाडीला किल्ली लावावी.